खिशातले पिस्तूल कोणाच्या बाजूचे?

१/
"वजनाला हलके, सदऱ्याखाली न दिसणारे आणि ऐन वेळी दगा न देणारे पिस्तूल कोणते?" हा प्रश्न गेल्या महिन्यात बोरिवलीतील एका स्नेह्यांनी मला विचारला. गृहस्थ सज्जन आहेत. दुकान बंद करून रात्री रोकड घेऊन घरी येतात. शेजारच्या वस्तीत गेल्या काही वर्षांत जे घडले त्याने धास्तावले आहेत. इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला शस्त्रांतलेही कळत असणार, असा त्यांचा भाबडा समज. आजचा थ्रेड त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यासारख्या प्रत्येकासाठी. दीर्घ आहे, परंतु सवडीने वाचावा.

२/
स्नेह्यांचा गृहपाठ पक्का होता. ग्लॉक १९ रिकामे असता सुमारे ६०० ग्रॅम, पंधरा गोळ्या. सिग पी३६५ त्याहून हलके, सुमारे ५०० ग्रॅम, दहा गोळ्या. हे दुसरे २०१८ साली बाजारात आले आणि अमेरिकेत अंगावर लपवून बाळगण्याच्या पिस्तुलांची सारी गणिते त्याने बदलली. हे सर्व खरे आहे. मात्र ही दोन्ही पिस्तुले ९ मिलिमीटरची आहेत, आणि आपल्या देशात सैन्य व पोलिसांच्या वापरातले ९ मिलिमीटरचे काडतूस चालवणारे पिस्तूल 'प्रतिबंधित बोअर' ठरते. त्याचा परवाना मुंबईचे पोलीस आयुक्त देत नाहीत. तो दिल्लीहून केंद्रीय गृहमंत्रालयाकडून मिळवावा लागतो. म्हणजे ज्या तुलनेत आमच्या स्नेह्यांच्या रात्री खर्ची पडल्या, ती विरारच्या चाळीत बसून स्वित्झर्लंडमधल्या बंगल्यांचे भाव पडताळण्यासारखी होती.

३/
मग सामान्य परवानाधारकाच्या हाती उरते काय? मुख्यतः .३२ बोअर. रिव्हॉल्व्हरचे .३२ आणि पिस्तुलाचे .३२, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर, ही दोन्ही काडतुसे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतली. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात बंद झाली. त्यामुळे एक तर कोणा परवानाधारकाकडचे जुने विलायती पिस्तूल जुन्या दागिन्याच्या भावाने घ्यायचे, नाही तर आयुध निर्माणीचे घ्यायचे. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या निर्माणीने 'निर्भीक' नावाचे .३२ चे हलके रिव्हॉल्व्हर आणले. टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, वजन साधारण अर्धा किलो, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. दिल्लीतील १६ डिसेंबर २०१२ च्या अत्याचारानंतर स्त्रियांच्या रक्षणार्थ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. फिजिओथेरपीचे शिक्षण घेणाऱ्या, सामान्य कामगाराच्या त्या मुलीच्या स्मृतीला सव्वा लाखाचे शस्त्र जोडावे, ही कल्पना ज्या कोणास सुचली त्यास काय म्हणावे! बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात, हे राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी वर्षानुवर्षे सांगते आहे. ओळखीच्या माणसाने दार वाजवले तर पर्स उघडून रिव्हॉल्व्हर काढून कोण बसते?

४/
पण बोअर आणि किंमत हा माझ्या आक्षेपाचा गाभा नव्हे. उद्या कायदा बदलला आणि बोरिवली स्थानकाबाहेर ग्लॉक मिळू लागले, तरीही माझे म्हणणे तेच राहील. ते असे: अंगावर लपवता येणारे लहान पिस्तूल हे शस्त्र स्वभावतःच हल्लेखोराचे आहे. त्याचा एकमेव गुण म्हणजे ते असल्याचे समोरच्याला कळत नाही. न कळण्याचा लाभ त्यालाच होतो जो वेळ आणि जागा निवडतो. स्वसंरक्षण करणाराला यांपैकी काहीही निवडता येत नाही. लिंकनवर १४ एप्रिल १८६५ रोजी झाडलेले मुठीएवढे डेरिंजर एकाच गोळीचे होते. एक पुरली. आता हे आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासावर घासून पाहू.

५/
नाशिक, २१ डिसेंबर १९०९. विजयानंद नाट्यगृहात 'शारदा'चा प्रयोग. बदली होऊन निघालेल्या जिल्हाधिकारी जॅक्सन यांच्या सन्मानार्थ सारे नाशिक लोटले होते. अनंत कान्हेरे हा कोवळा विद्यार्थी पिस्तूल लपवून आत बसला होता. त्याआधी काही महिने लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्या पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईस पोहोचली होती. वीस पिस्तुले एका पेटीच्या तळाशी मावतात, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. जॉन ब्राउनिंगने बेल्जियमच्या कारखान्यासाठी रचलेले चपटे पिस्तूल विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बाजारात आले, आणि दहा वर्षांच्या आत त्याच्या नावाची पिस्तुले गोदाकाठी येऊन ठेपली. चक्राकार पेटीचे जाड रिव्हॉल्व्हर जिथे उठून दिसे, तिथे हे चपटे पिस्तूल कोटात बेमालूम राही.

६/
जॅक्सन कोसळले तेव्हा नाट्यगृहात अधिकारी होते, पोलीस होते. कोणाचेही शस्त्र उपयोगी पडले नाही. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. त्या पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत गेला आणि सावरकरांना काळ्या पाण्याच्या दोन जन्मठेपी झाल्या. या कृत्याकडे क्रांतिकार्य म्हणून पाहावे की अन्य काही, हा वाद आज माझ्या कक्षेबाहेरचा. मला एवढेच दाखवायचे आहे, की त्या रात्री गुप्तपणे बाळगलेल्या शस्त्राचा लाभ एकाच बाजूला मिळाला, आणि ती बाजू आधीच ठरवून आलेल्याची होती.

७/
आता जरा अवघड जागी येतो. मराठी माणसांच्या इतिहासात लहान पिस्तुलांची सर्वांत कसोशीची तुलना कोणी केली असेल? जानेवारी १९४८ मध्ये, गांधीजींच्या मारेकऱ्यांनी. २० जानेवारीच्या फसलेल्या प्रयत्नाआधी दिल्लीत, हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत, त्यांनी जवळची दोन रिव्हॉल्व्हरे चालवून पाहिली. एकाचे चक्र नीट फिरेना. दुसऱ्याची गोळी नेम धरलेल्या झाडापर्यंत पोहोचेना. तो दिवस फसल्यावर मंडळी मुंबई-ठाण्याकडे परतली, पुन्हा जमली, आणि शोध सुरू झाला तो भरवशाच्या पिस्तुलाचा. मुंबईत ते मिळाले नाही. अखेर २८ जानेवारीस ग्वाल्हेरला मिळाले.

८/
ते होते इटलीचे बेरेटा, १९३४ सालचा नमुना. वीतभरसुद्धा लांबी नाही, पेटीत सात गोळ्या. आजच्या जाहिरातीच्या भाषेत सांगायचे तर 'कॉम्पॅक्ट'. नथुराम गोडसेने ३० जानेवारीस तीन गोळ्या झाडल्या. वजन, लांबी, विश्वासार्हता, खिशात मावणे: आमच्या स्नेह्यांच्या यादीतली प्रत्येक बाब त्या दहा दिवसांच्या शोधात तपासली गेली होती. मारेकऱ्यासाठी ही यादी अर्थपूर्ण आहे, कारण कोणत्या क्षणी, किती अंतरावरून, कोणावर, हे त्याला ठाऊक असते. दुकानदारासाठी याच यादीला काय अर्थ आहे, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

९/
पुढचा दुवा आपल्या हयातीतला. २० ऑगस्ट २०१३, पुणे, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर सकाळी फिरायला निघालेले डॉ. नरेंद्र दाभोलकर. शस्त्र ७.६५ मिलिमीटरचे, गावठी बनावटीचे. म्हणजे पुन्हा तेच .३२, ज्याला परवान्याच्या भाषेत आपण 'स्वसंरक्षणाचे बोअर' म्हणतो. १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप झाली. "दाभोलकरांच्या खिशात पिस्तूल असते तर?" असे विचारणारे महाभाग मला भेटलेले आहेत. पाठीमागून येणाऱ्या गोळीला खिशातले पिस्तूल काय उत्तर देणार?

१०/
आता उपनगरांत येऊ. फेब्रुवारी २०२४ हा महिना मुंबईकरांनी विसरू नये. २ तारखेला उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, आमदार गणपत गायकवाड यांनी महेश गायकवाड यांच्यावर गोळ्या झाडल्या. तसे त्यांनी स्वतः एका वृत्तवाहिनीला सांगितले. निकाल न्यायालय देईल. शस्त्र परवान्याचे, जागा पोलीस ठाणे, समोरचा माणूस पूर्ण ओळखीचा. पोलिसांच्या डोळ्यांदेखतही जे शस्त्र आवरत नाही, ते सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणात आवरेल?

११/
बरोबर सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीस, बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर आणि मॉरिस नरोन्हा शेजारी बसून फेसबुकवर थेट बोलत होते. विषय काय, तर दोघांमधला दुरावा कसा मिटला! नरोन्हा चौकटीबाहेर गेला आणि क्षणात गोळ्यांचा वर्षाव झाला. घोसाळकर गेले; नरोन्हानेही स्वतःवर गोळी झाडून घेतली. पिस्तूल कोणाचे? पोलिसांच्या म्हणण्यानुसार नरोन्हाच्या अंगरक्षकाचे, परराज्यातील परवान्याचे. रक्षणासाठी नेमलेल्या माणसाचे रक्षणासाठी घेतलेले शस्त्र. दोन मृत्यू झाले, आणि त्यांतला एक ज्याच्या रक्षणार्थ ते आले होते त्याचाच.

१२/
त्याच वर्षी १ ऑक्टोबरच्या पहाटे जुहूला अभिनेते गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली. सुदैवाने बरे झाले. अकराच दिवसांनी, दसऱ्याच्या रात्री, वांद्रे पूर्वेला बाबा सिद्दिकी यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सोबत पोलिसाचा पहारा होता, फटाक्यांचे आवाज होते, आणि मारेकरी वाट पाहत उभे होते. राज्याने दिलेला सशस्त्र माणूस जे करू शकला नाही ते आपण दुकानाच्या किल्ल्या सांभाळत करू, असे ज्यांना वाटते त्यांच्या आत्मविश्वासाला माझा नमस्कार.

१३/
थोडे मागे गेलो तर २२ एप्रिल २००६, वरळी. प्रमोद महाजन यांच्यावर त्यांच्याच घरात गोळ्या झाडणारा त्यांचा सख्खा भाऊ होता आणि पिस्तूल परवान्याचे होते. महाजन ३ मे रोजी गेले. ज्या राज्यात केंद्रीय मंत्री राहिलेल्या माणसाच्या दिवाणखान्यात हे घडते, तिथे 'परवानाधारक माणूस जबाबदारच असतो' हे विधान कोणत्या आधारावर करायचे? तो जबाबदार असतो, एका विशिष्ट सकाळपर्यंत.

१४/
प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे मांडतो, कारण ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्वदच्या दशकात पवई, अंधेरी, जुहू हा पट्टा खंडणीच्या फोनांनी हैराण होता. १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत डॉ. दत्ता सामंत मारले गेले; १२ ऑगस्टला अंधेरीत गुलशन कुमार. जानेवारी २००० मध्ये सांताक्रूझला राकेश रोशन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ते वाचले. त्या काळात ज्या बांधकाम व्यावसायिकाने वा निर्मात्याने परवाना मागितला, त्याला मी भित्रा म्हणणार नाही. भीती खरी होती. मुंबईच्या बोलीत तेव्हा पिस्तुलाला 'घोडा' म्हणत. आजही म्हणतात, पण तेव्हा तो शब्द शाळकरी पोरांच्याही तोंडी होता, एवढे मला आठवते.

१५/
परंतु ते फोन कशाने कमी झाले? व्यापाऱ्यांच्या कमरेच्या रिव्हॉल्व्हरांनी नव्हे. १९९९ चा संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा म्हणजे 'मोक्का', दूरध्वनी टॅप करून न्यायालयात टिकणारा पुरावा, आणि टोळ्यांची आर्थिक नाकेबंदी यांनी. चकमकींचाही वाटा सांगितला जातो. तो सांगणाऱ्यांनी वर्सोव्यातील २००६ च्या लखनभैया प्रकरणाचा १९ मार्च २०२४ चा उच्च न्यायालयाचा निकाल अवश्य वाचावा. पोलिसाच्या हातातले पिस्तूलही कोणत्या थराला जाते ते कळेल.

१६/
दुसरे म्हणणे इतिहासाच्या नावाने येते. लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना निःशस्त्र केले. म्हणून शस्त्र बाळगण्याचा हक्क ही स्वातंत्र्याची राहिलेली थकबाकी आहे. यातला पूर्वार्ध निर्विवाद आहे. युरोपीय माणसाला सूट आणि आपल्याला परवाना, हा उघड वर्णभेद होता, आणि राष्ट्रसभेने आरंभापासून त्याचा निषेध केला. १९३१ च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत नोंदवलाही होता.

१७/
उत्तरार्ध मात्र हे लोक सोयीने गाळतात. डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामत यांनी संविधान सभेत हाच हक्क घालण्याची दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. प्रत्येक व्यक्तीला बाजारात जाऊन हवी ती हल्ल्याची साधने बिनदिक्कत विकत घेण्याचा हक्क दिला तर राज्याने कारभार करायचा कसा, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. दुरुस्ती फेटाळली गेली. बिर्ला भवनातल्या त्या बेरेटाला तेव्हा अकरा महिनेही झाले नव्हते. म्हणजे हा हक्क आपल्याकडून कोणी हिरावला नाही. आपल्याच प्रतिनिधींनी विचारपूर्वक तो नाकारला. वर्णभेद गेला, परवाना राहिला, आणि १९५९ च्या कायद्याने तो सर्वांना सारखा झाला.

१८/
तिसरे म्हणणे: "गुन्हेगारांकडे कट्टे आहेतच, मग आम्हीच का रिकाम्या हाताने?" खरे आहे, गुन्ह्यांतली बहुतेक शस्त्रे बेकायदा असतात. मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातील, आपल्या चोपडा तालुक्याच्या सीमेला लागून असलेले उमर्टी गाव या धंद्यासाठी वर्षानुवर्षे पोलिसांच्या नोंदींत आहे. मग मागणी उमर्टीची वाट बंद करण्याची हवी. गावात विहिरीचे पाणी दूषित झाले तर विहीर साफ करायची, की प्रत्येकाने आपल्या घरात औषधाची बाटली ठेवायची?

१९/
आता अगदी व्यवहाराचे. २०१६ च्या शस्त्रनियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये वा तशा आवरणात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे. म्हणजे आपल्याकडे 'लपवून बाळगणे' ही चैन नसून सक्तीच आहे. आता सकाळची विरार लोकल डोळ्यांसमोर आणा. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी असतात, असे रेल्वेच्याच परिभाषेत मोजले जाते. जिथे खिशातला मोबाइल मालाड ते अंधेरी टिकत नाही, तिथे कमरेच्या पिस्तुलावर 'ताबा' कोण ठेवणार?

२०/
घाटकोपरला उतरून वर्सोव्याची मेट्रो धरायची? झडतीच्या दारातच अडाल. शस्त्र आत नेता येत नाही. मॉल, चित्रपटगृह, न्यायालय, विमानतळ: सगळीकडे तेच. मग पिस्तूल मोटारीत राहणार, किंवा दुकानाच्या गल्ल्यात, नाही तर घरच्या कपाटात साड्यांच्या घडीखाली. निवडणूक आली की छाननी समिती सांगेल त्या परवानाधारकाने ते पोलीस ठाण्यात जमा करायचे. २०२४ साली मुंबईत मे आणि नोव्हेंबर अशा दोनदा निवडणुका झाल्या.

२१/
कपाटातल्या पिस्तुलाचे काय होते, हे अमेरिकेने मोजून ठेवले आहे. कॅलिफोर्नियातील कोट्यवधी प्रौढांच्या नोंदींवरचा २०२० सालचा अभ्यास सांगतो, की पिस्तूल बाळगणाऱ्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचे प्रमाण न बाळगणाऱ्यांच्या सुमारे आठपट, आणि स्त्रियांत सुमारे पस्तीसपट. २०२२ चा पुढचा अभ्यास पिस्तूलधारकांच्या घरात राहणाऱ्या, पण स्वतःचे पिस्तूल नसलेल्या माणसांचा. त्यांचा खून होण्याचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक. संरक्षण ज्यांचे करायचे म्हणून शस्त्र आणले, तीच ही माणसे. आपल्याकडे अशी मोजदाद कोणी करत नाही. आपण वरळी, उल्हासनगर आणि आय. सी. कॉलनी या बातम्या वेगवेगळ्या दिवशी वाचतो आणि वेगवेगळ्या विसरतो.

२२/
"म्हणजे आम्ही मार खायचा?" नाही. खासगी संरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत, कलम ३४ ते ४४ मध्ये, आधीच्या दंडसंहितेप्रमाणेच कायम आहे. रोकड रोज एकाच वाटेने, एकाच वेळी नेऊ नये. शक्य तेवढा व्यवहार बँकेतून करावा. धमकी आली तर लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. हे रटाळ आहे हे मान्य. व्हिडिओत पाहायला मुळीच मजा येणार नाही.

२३/
स्नेह्यांना मी यातले बरेचसे तोंडी सांगितले. ऐकून घेतले, चहा संपवला आणि म्हणाले, "ते सगळं खरं हो, पण रात्री साडेदहाला शटर ओढताना तुम्ही नसता तिथे." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते मी त्यांना सांगितले. मग मी एकच विचारले. शटर ओढताना दोन्ही हात कुलपाकडे आणि पाठ रस्त्याकडे असते. अशा वेळी मागून कोणी आले, तर कमरेचे पिस्तूल आधी कोणाच्या हाती लागेल? परवान्याचा अर्ज त्यांनी आणून ठेवला आहे. कारणाचा रकाना अजून कोरा आहे. काल भेटले तेव्हा म्हणाले, दुकानातल्या पोराला आता बंद करायच्या वेळेपर्यंत थांबवून घेतो.

२४/
१८७८ चा कायदा, त्यातल्या सवलती आणि महाराष्ट्रातून झालेला विरोध यांवर पुढच्या रविवारी स्वतंत्र थ्रेड लिहीन. यातील एखादा तपशील चुकीचा वाटल्यास पुराव्यासह सांगावे, दुरुस्ती करीन. शिव्यांना उत्तर देत नाही.